दाराबाहेर आल्यावरच

सकाळी साडेसहाला अंधेरीतल्या तरणतलावावर आमचं वेट ड्रिल सुरू होतं. विमान पाण्यावर उतरलं तर माणसं बाहेर कशी काढायची, याचा केबिन क्रूसाठीचा सराव. अकरा वर्षं मी तो घेते आहे. त्या दिवशीच्या बॅचमध्ये चौदा मुली होत्या. त्यातल्या एकीची मला अजिबात काळजी नव्हती. वेसाव्याची कोळ्याची पोर, वडिलांची स्वतःची होडी, लहानपणापासून खाडीत पोहलेली.

तलावाच्या एका कोपऱ्यात मी पाइपांच्या चौकटीवर निळी ताडपत्री ताणून बांधून घेते, पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. ते विमानाचं छत. तिची पुढची कड पाण्यात बुडालेली असते. तिच्याखालून बुडी मारून बाहेर पडायचं, ते दार. लाइफ जॅकेट अंगात, पण हवा न भरलेलं. लाल टॅब ओढायचा तो बाहेर आल्यावर.

शिट्टी वाजली, मी ओरडून ऑर्डर दिली, आणि ताडपत्रीखाली फस्स असा आवाज झाला. वेसाव्याच्या पोरीनंच टॅब ओढला होता. मोठ्या माणसाचं जॅकेट सोळा किलोच्या आसपास वजन वर उचलून धरतं. ती ताडपत्रीला चिकटली. पाय मारत होती, हात मारत होती, पण डोकं काही खाली जाईना. बुडी मारायला गेली की जॅकेट तिला वर फेकायचं. मी आत शिरले, तोंडाने हवा भरायच्या नळीतला व्हॉल्व्ह बोटाने दाबून धरला, हवा सोडली आणि तिला कडेखालून ओढून काढलं. वीसेक सेकंदांचा खेळ. तिचे ओठ पांढरे पडले होते.

काठावर बसून ती म्हणाली, "मॅम, हात आपोआप गेला. बाबा म्हणतात, आधी जाकीट, मग होडी."

मला एकदम लख्ख कळलं. होडीला छत नसतं. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या जो नियम जीव वाचवत आला, तोच विमानाच्या आत जीव घेतो. मी पोहता न येणाऱ्या मुलींवर लक्ष ठेवत आले होते. चूक माझी होती.

मग ड्रिल थांबवून सगळ्यांना जवळ बसवलं आणि २३ नोव्हेंबर १९९६ बद्दल सांगितलं. अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं ७६७ इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. विमानात १७५ जण होते, १२५ गेले. कित्येकांनी आतच जॅकेट फुगवली होती. पाणी चढत गेलं तशी ती माणसं छताकडे उचलली गेली आणि दारापर्यंत पोचूच शकली नाहीत. हे मी दर बॅचला सांगते, पण त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी वहीत लिहून घेत नव्हतं. सगळ्या त्या ताडपत्रीकडे बघत होत्या.

एकीने विचारलं, "मग हडसनमध्ये सगळे कसे वाचले?" १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कला पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेलेलं ते ए३२०, आत १५५ माणसं. कॅप्टन सलेनबर्गर यांनी ते नदीवर सपाट उतरवलं, ते तरंगत राहिलं आणि फेरीबोटी काही मिनिटांत पोचल्या. पण शेपटीकडचा भाग पाण्यात गेला होता, म्हणून लोक पुढच्या दारांनी आणि पंखांवर बाहेर पडले. दाराला हात लावण्याआधी खिडकीतून पाण्याची पातळी बघायची ती यासाठीच. आपल्याकडे हे दूरचं वाटून घेऊ नये. मुंबईहून पश्चिमेला उडालेलं विमान बघता बघता जुहूवरून समुद्रावर जातं.

वेसाव्याची मुलगी उठली. "मॅम, मी परत जाते."

मी म्हटलं, "आज नको." तिने ऐकलं नाही.

या वेळी मी कडेपाशी पाण्यातच उभी राहिले. शिट्टी वाजली. आतून फस्स आवाज आला नाही. मी मनात आकडे मोजत होते. मग कडेखालून तिचं डोकं वर आलं, केस डोळ्यांवर. उजव्या हाताचं मनगट तिने डाव्या मुठीत गच्च धरून ठेवलं होतं.

"मॅम, आता ओढू?"

"ओढ."