असाइनमेंट लिहून देणारा दादा आणि ऑस्ट्रेलियाचा कायदा

जळगाव-धुळ्याकडून मेलबर्नला शिकायला आलेल्या मुलांना सेमिस्टर निम्मं सरलं की व्हॉट्सॲपवर मेसेज येऊ लागतात: ‘असाइनमेंट करून मिळेल, झिरो प्लेजरिझम’, म्हणजे कुठूनही उचललेला मजकूर नाही. लिहून देणारा दादा भुसावळात बसलेलाही असू शकतो. सीनियरचं जर्नल उतरवून काढायची आपल्याकडची सवय, त्यामुळे यात कुणाला वावगं वाटत नाही. परीक्षेतले गैरप्रकार रोखणारा भारतातला २०२४ चा कायदा यूपीएससी, रेल्वे, नीट अशा परीक्षांपुरता आहे; कॉलेजच्या असाइनमेंटशी त्याचा संबंध नाही.

ऑस्ट्रेलियात मात्र २०२० च्या कायद्याने हा धंदा गुन्हा ठरला आहे. पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणं, उत्तरं पुरवणं, दुसऱ्याच्या जागी परीक्षेला बसणं यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, ५०० पेनल्टी युनिटपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोव्हेंबर २०२४ पासून एक युनिट ३३० डॉलरचं, म्हणजे दंड १,६५,००० डॉलरपर्यंत. नुसती जाहिरातही चालत नाही, आणि देशाबाहेर बसून केलं म्हणूनही सुटका नाही. न्यूझीलंडने असा कायदा २०११ मध्ये केला, आयर्लंडने २०१९ मध्ये, इंग्लंडने २०२२ मध्ये.

या कायद्यात विद्यार्थी आरोपी नसतो. म्हणून मुलं निर्धास्त राहतात आणि तिथेच फसतात. त्यांचा हिशोब युनिव्हर्सिटी करते: शून्य गुण, विषयात नापास, निलंबन, शेवटी हकालपट्टी. प्रवेश रद्द झाला की ते सरकारला कळवलं जातं, आणि स्टुडंट व्हिसा त्या प्रवेशावरच उभा असतो.

‘झिरो प्लेजरिझम’चा रिपोर्ट इथे कुचकामी. युनिव्हर्सिटीचं नक्कल तपासणारं सॉफ्टवेअर, टर्निटिन, जुळणारा मजकूर दाखवतं. नव्याने लिहिलेलं त्यातून निसटतं. पण वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये भलत्याच माणसाचं नाव असतं. तीन हजार शब्दांच्या फाइलला एडिटिंग टाइम बारा मिनिटं! पासवर्ड दादाला दिलेला असेल तर एकाच दिवशी मेलबर्न आणि भुसावळ अशा दोन्हीकडून लॉगिन दिसतं. मग तोंडी विचारतात, ‘ही पद्धत का निवडली?’ तिथे बोबडी वळते. शिवाय लिहून देणाऱ्याकडे तुमचा स्टुडंट नंबर आणि पैसे दिल्याचा पुरावा असतोच. त्यावर पुढे ब्लॅकमेल करणारेही आहेत, आणि डिग्री मिळाल्यावरही युनिव्हर्सिटी ती काढून घेऊ शकते.

मित्राने संकल्पना समजावली तर हरकत नाही. त्याने परिच्छेदच लिहून दिला, तर फुकट दिला तरी नियमभंग. जुनी असाइनमेंट ज्युनिअरला ‘फक्त बघायला’ देऊ नका. त्याने ती उतरवली तर दोघांनाही बोलावतात. कच्चे खर्डे आणि फाइलची व्हर्जन हिस्टरी निकाल लागेपर्यंत जपा. वेळ कमी पडत असेल तर मुदतीआधीच एक्स्टेन्शनचा अर्ज करा, आजारपण असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून. तेही जमलं नाही तर उशिरा द्या: बऱ्याच ठिकाणी दिवसाला पाच ते दहा टक्केच गुण कापतात.