फणी, पंचा आणि थोरलीचं डोकं

२२ जून, रविवार

तेल लावायला थोरलीला पुढ्यात घेतलं. खोबरेल कोमट करून वाटी शेजारी ठेवली होती. भांग पाडला आणि हात तिथेच थांबला. भांगाच्या पांढऱ्या रेघेवरून एक ऊ चालली होती. तिळाएवढी, राखाडी, पोट रक्ताने काळसर झालेलं. मी चिमटीत धरायच्या आत केसांत शिरली. कानामागचे केस वर केले तर लिखाच लिखा. मानेवर नखांचे ओरखडे, दोन ठिकाणी खपली धरलेली. कानामागे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, आणि माझ्या पोटात धस्स झालं.

दिवाळीपासूनची ही चौथी वेळ. दर वेळी मी मेडिकलमधून बाटली आणते, लावते, मेलेल्या उवा निघतात, सुटलो असं वाटतं. दहा-पंधरा दिवस जातात न जातात तोच पोरीचा हात पुन्हा मानेवर जायला लागतो.

रात्री जेवताना तोच विषय. सासूबाई म्हणाल्या, सीताफळाच्या बिया वाटून लावू, त्यांच्या माहेरी तेच करायचे. नवरा म्हणाला, बॉयकट करून टाकू, एकदाचा त्रास जाईल. तो काही वाईट बोलला नाही, पोरीचं खाजवणं त्यालाही बघवत नाही. पण थोरलीने ते ऐकलं, दोन्ही वेण्या दोन हातांत घट्ट धरल्या आणि अर्ध्या ताटावरून उठून आत गेली. पाठभर केस आहेत तिचे. आठ वर्षांची आहे, पण रिबिनीची फुलं आपली आपण बांधते.

मला माझं लहानपण आठवलं. आई आम्हा बहिणींना अंगणात बसवून डोक्याला रॉकेल चोळायची आणि वर धडपा बांधायची. टाळूची आग व्हायची. आत चूल पेटलेली आणि बाहेर तीन पोरींची रॉकेलने भिजलेली डोकी! आता विचार केला तरी काटा येतो. आईला दुसरं काही माहीत नव्हतं. माझ्या लेकीला मी ते लावणार नाही, आणि तिचे केसही कापणार नाही.

२४ जून

मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गाठीची भीती गेली. खाजवून झालेल्या जखमेत जंतू गेले की कानामागे, मानेवर अशा गाठी येतात, जखम भरली की उतरतात, असं त्या म्हणाल्या. जखमेला मलम दिलं. सीताफळाच्या बियांना मात्र साफ नाही म्हणाल्या. ती पूड डोळ्यांत गेली की बुबुळाला इजा होते, आणि डोळ्यांच्या दवाखान्यांत असे रुग्ण खरोखरच येतात. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं ते बरं झालं.

मग डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे एक हिशोब मांडला. मला हा हिशोब आजवर कोणी सांगितला नव्हता. मादी रोज सहा ते आठ लिखा घालते आणि टाळूलगत केसाला डिंकासारख्या चिकटवून टाकते. लीख साधारण ७ ते ९ दिवसांत फुटते. त्यातून निघालेलं पिल्लू पुढच्या ९ ते १२ दिवसांत मोठं होतं आणि स्वतः लिखा घालायला लागतं. औषधाने चालत्याफिरत्या उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. म्हणून नवव्या दिवशी पुन्हा औषध लावायचं. तोवर उरलेल्या लिखा फुटलेल्या असतात, पण त्या पिल्लांनी अजून एकही लीख घातलेली नसते. ती मधली फट पकडायची.

मी दिवाळीपासून तीन बाटल्या आणल्या. तिन्ही वेळा पहिलंच औषध लावलं, दुसऱ्यांदा एकदाही नाही.

रात्री थोरली कुशीत आल्यावर बोलली. बाईंनी शुक्रवारपासून तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय. मधल्या सुट्टीत डब्याला कोणी शेजारी बसत नाही. मग हळूच विचारलं, "आई, माझ्यात घाण आहे का गं?"

मी उठून दिवा लावला. अंधारात उत्तर द्यावंसं वाटेना. तिला सांगितलं, उवेला स्वच्छ-अस्वच्छ काही कळत नाही. तिला टाळूची ऊब लागते आणि रक्ताचा थेंब लागतो, बस. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ती तितकीच सुखात राहते. ऐकून घेतलं, पण चेहरा काही खुलला नाही.

२५ जून

आज संध्याकाळी घरातली सगळी डोकी खिडकीशी बसवून बघितली. धाकट्याच्या बारीक केसांत कानामागे दोन. सासूबाईंच्या अंबाड्यात निघाल्या, माझ्याही निघाल्या. नवऱ्याचं डोकं तेवढं कोरं. म्हणजे दर वेळी मी एकट्या थोरलीच्या डोक्याला औषध लावत होते आणि रात्री ती आजीच्या कुशीत झोपून पुन्हा घेऊन येत होती.

औषध परमेथ्रिन एक टक्क्याचं. नुसत्या शाम्पूने केस धुवायचे, कंडिशनर अजिबात नाही, कारण त्याने औषध केसांना नीट धरत नाही. पंचाने टिपून ओलसर केसांना मुळापासून लावायचं आणि दहा मिनिटांनी धुवायचं. थोरलीला डोळ्यांवर घडी धरायला लावून बेसिनवर वाकवूनच धुतलं, म्हणजे अंगावर ओघळ नको. चौघांचं एकाच संध्याकाळी उरकलं.

उशांचे अभ्रे, टॉवेल, रिबिनी कढत पाण्यात टाकल्या, कंगवे त्यातच. गाद्यांना या वेळी हात लावला नाही. मागे मी पावसाची उघडीप बघून गाद्या गच्चीवर चढवल्या होत्या आणि चार दिवस कंबर धरून बसले होते. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांतच मरते. ती कंबर फणी चालवायला राखून ठेवलेली बरी.

२७ जून

आज पहिल्यांदा नीट फणी केली. नवी स्टीलची फणी आणली आहे. दात इतके जवळ की मध्ये नखाचं टोक शिरत नाही. ओल्या केसांना आज कंडिशनर भरपूर लावलं, औषधानंतर दोन दिवस झाल्यावर त्याला हरकत नाही. त्याने उवा सुस्तावतात आणि फणी अडत नाही. आधी साध्या कंगव्याने गुंता काढला, केसांचे बोटभर रुंदीचे भाग केले, बाकीचे चाप लावून वर बांधले. फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत एका ओढीत न्यायची आणि पांढऱ्या पंचावर पुसायची. प्रत्येक ओढीला पुसायची. पहिल्या ओढीला पंचावर चार तीळ पडले, त्यातला एक अजून पाय हलवत होता. एकूण २३ निघाल्या, बहुतेक मेलेल्या.

लिखा मात्र फणीलाही दाद देत नाहीत. कोंडा फुंकरीने उडतो, लीख उडत नाही. दोन नखांत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यावी लागते. टाळूजवळच्या तपकिरी लिखा नखावर चट् वाजतात, त्या जिवंत. टाळूपासून दोन बोटं खाली गेलेल्या पांढऱ्या लिखा म्हणजे नुसती टरफलं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे ती टरफलं काही महिन्यांपूर्वीची. तीच बघून मी एप्रिलमध्ये घाबरून गेले होते.

पाऊण तास पोरीने बसायचं कसं? गोष्ट सांगितली. इस्रायलमध्ये लाखीश नावाच्या जुन्या गावाच्या उत्खननात हस्तिदंताची एक चिमुकली फणी सापडली आहे, साधारण ३७०० वर्षांपूर्वीची. तिच्यावर बारीक अक्षरं कोरली आहेत, त्यांचं वाचन २०२२ मध्ये जाहीर झालं. सातच शब्द. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या दाताने निघून जावोत, असा काहीसा अर्थ. फणीच्या दातांत उवेचे अवशेषसुद्धा मिळाले. थोरली गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे राजांच्या दाढीत पण होत्या?" हस्तिदंताची फणी म्हणजे घर श्रीमंतच असणार, मी म्हटलं, असतीलही. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

३० जून

दुपारी शाळेत जाऊन बाईंना भेटले. भांडायचं नाही असं ठरवूनच गेले होते. म्हटलं, ऊ उडत नाही, उडी मारत नाही, नुसती चालते. डोक्याला डोकं लागलं तरच या केसांतून त्या केसांत जाते. औषध लावलंय, दुसरं ४ तारखेला आहे. तुम्ही तिला वर्गात वेगळं बसवलंत तेव्हापासून ती डबा परत आणते आहे. बाईंनी खाली मान घातली. उद्यापासून तिच्या जागेवर बसवते म्हणाल्या.

खरं अवघड काम रात्री होतं. वर्गाच्या आयांच्या वॉट्सॲप ग्रुपवर लिहायचं. तीनदा लिहून पुसलं. शेवटी सरळ लिहिलं: माझ्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत, औषध चालू आहे, आपापल्या मुलींची डोकी बघून घ्या. पहिल्यांदाच उवा झाल्या तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, तेव्हा खाजत नाही म्हणजे नाहीत असं धरू नका. सोबत ती नऊ दिवसांची मांडणीही दिली.

पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग थोरलीच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. वरच्याच मजल्यावर राहतात. "आमच्याकडे तर मार्चपासून आहेत गं. सांगायची लाज वाटत होती." दोन्ही पोरी रोज एका उशीवर डोकं टेकून मोबाईल बघतात. मी तिला काही म्हटलं नाही. मीही दिवाळीपासून गप्पच होते. रात्री झोपेपर्यंत आणखी चौघींनी लिहिलं, आमच्याकडेही.

४ जुलै

दुसरं औषध झालं. वरच्यांनीही आजच आपलं पहिलं लावलं.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज फणीचा दिवस. सासूबाई म्हणाल्या, आज एकादशी, आज जीव मारायला नको. त्यांचं मन मोडवेना. मी खिचडीला साबुदाणा परतायला घेतला. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघते तर नातीला पायांशी घेऊन त्या स्वतःच फणी चालवत होत्या, तोंडाने हरिपाठ चालू. खपली पडून मानेवर गुलाबी कातडी आली आहे, तिच्यावरून त्या मधूनच बोट फिरवत होत्या. पंचावर एकच सापडली, पिल्लू, डोळ्यांना जेमतेम दिसणारं. त्यांनी पंचा गोळा करून मोरीत नेऊन धुतला, काय केलं ते मी विचारलं नाही.

१३ जुलै

पाऊस कोसळतोय. जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये चटई टाकून आम्ही तिघी आया आणि चार पोरी बसलो. तीन फण्या, एक कंडिशनरची बाटली, कुकरभर शेंगा. कोणाची किती निघाली हे पोरी मोठ्याने मोजत होत्या. आमच्या थोरलीची शून्य. ९ तारखेलाही शून्यच होती.

२० जुलै

आजही शून्य. गाठ उतरली. मी आता दर रविवारी तेलाआधी एकदा फणी फिरवायची असं ठेवलंय, घरातल्या सगळ्यांची.

आज थोरलीने हट्टाने फणी स्वतःच्या हातात घेतली आणि आजीला पाटावर बसवलं. पांढऱ्या केसांत लीख दिसत नाही म्हणून माझा जाड भिंगाचा चष्मा नाकावर चढवला, आजीच्या खांद्यावर बाबांचा काळा शर्ट पसरला. अंबाडा सोडून भाग पाडत होती, चाप लावत होती, अगदी मी करते तसं. "आजी, हलू नकोस ना. तुला राजाच्या दाढीची गोष्ट सांगू?"