कोल्हापूर–हैदराबाद: आकाशात सव्वा तास, जमिनीवर चार

ताईच्या बाळाच्या बारशाला आईला घेऊन हैदराबादला जाऊन आलो. एरवी आम्ही रात्रीच्या बसनं जातो. सुमारे साडेपाचशे किलोमीटर, दहा-अकरा तास, आणि सोलापूर मागं पडलं की आईची कंबर बोलायला लागते. यंदा म्हटलं, होऊ दे खर्च, विमानानं जाऊ.

सरळ रेषेत हे अंतर जेमतेम साडेचारशे किलोमीटर भरतं. नकाशावर पट्टी ठेवली तर ती विजापूरवरनं जाते. मी गोलघुमट दिसेल म्हणून खिडकीला नाक लावून बसलो होतो. ढगांशिवाय काही दिसलं नाही.

उजळाईवाडीचा विमानतळ कोल्हापूर गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला. नवी इमारत मात्र २०२४ ची. आत गेल्यावर चालावं फार लागत नाही, वयस्कर माणसांना बरं. पण छोटा विमानतळ म्हणून ऐनवेळी जाऊ नका, सामानाचा काउंटर तासभर आधीच बंद होतो.

आता मसाल्याची गोष्ट. ताईसाठी केलेला कांदा-लसूण मसाला आईनं 'सांडायला नको' म्हणून हातातल्या पिशवीत घेतला. मोठी बॅग काउंटरवर जाऊन बसलेली. तपासणीत मसाला बाहेर काढला गेला आणि तिथंच राहिला. एक किलो, घरच्या डंकातला! आईनं मग हैदराबादपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलणं केलं. तेव्हा तिखट, मसाला, लोणचं सगळं काउंटरवर द्यायच्या बॅगेत, दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून. तिथं साधारण १५ किलो चालतं, हातात ७. गुळाची ढेप न्यायची असेल तर आधी घरीच वजन करा.

विमान पंख्याचं, एटीआर. चढायचं मागच्या दारानं, शिडीवरनं. मागची जागा घ्या: पंख्यांचा आवाज कमी आणि उतरताना पहिला नंबर. डोक्यावरचा कप्पा लहान असतो, चाकाची मोठी बॅग त्यात मावत नाही. पंख वरच्या बाजूला असल्यानं खालचं मोकळं दिसतं. उसाचे पट्टे आणि पंचगंगेची वळणं तेवढी मनसोक्त बघितली. सव्वा तासात उतरलो. आईचं मौन तिथं सुटलं: "आलं हुय? कराडला जाऊन यायलासुद्धा ह्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतोय की!"

खरी परीक्षा पुढं. शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर, आणि ताई राहते कुकटपल्लीला, म्हणजे दुसऱ्या टोकाला. सामान मिळून गाडीत बसेपर्यंत पाऊण तास, रस्त्यात दीड. घरातनं नऊला निघालो ते ताईच्या दारात सव्वादोनला. बसच्या निम्माच वेळ, पण 'तासाभरात हैदराबाद' म्हणून कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. एकट्या माणसाला विमानतळावरची पुष्पक बस स्वस्त पडते; आम्ही दोघं आणि तीन बॅगा, म्हणून टॅक्सी केली.

वेळापत्रक आणि थेट विमानाचे वार बदलत असतात, तेव्हा बारशाची तारीख धरायच्या आधी ते बघा. आम्ही उलटं केलं, आणि तिकीट महाग पडलं. परत येताना कुकटपल्लीतनं चार तास आधी निघा. आम्ही तीन तास आधी निघालो आणि गच्चीबावलीच्या गर्दीत अडकलो. काउंटर बंद व्हायला सात मिनिटं असताना पोचलो. आई पुढं पळत होती, मी मागं.