उतरवावं की बसवावं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये नव्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, लगेच उतरवावं की बसवावं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी आमच्या घरी जेवताना या विषयाला बंदी आहे.

शिकागोजवळ नेपरव्हिलला राहून आम्हाला वीस वर्षं झाली. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सीझन नेमका गणपतीच्या आगेमागे सुरू होतो, त्यामुळे आरती झाली की पुरुषमंडळी प्रसादाची ताटं घेऊन टीव्हीसमोर बसतात. मीही तिथेच असते. मग कुणीतरी काका विचारतातच, "वहिनी, तुम्ही एवढं बघता, तर सांगा, नव्या क्वार्टरबॅकला पहिल्याच वर्षी उतरवावं की वर्षभर बसवावं?" काकांचं उत्तर ठरलेलं असतं, मी फक्त मान डोलवायची असते. "सचिनला सोळाव्या वर्षी खेळवलाच ना?"

खेळवला. १९८९ साली कराचीत सहाव्या नंबरवर आला, १५ धावा केल्या, वकारने त्रिफळा उडवला आणि तो पॅव्हेलियनमध्ये परतला. त्या डावापुरतं त्याचं काम संपलं. क्वार्टरबॅकला ही सोय नाही. चेंडू चुकून समोरच्याच्या हातात दिला, तरी पाच मिनिटांनी त्याला परत मैदानात यायचंय, आणि जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्याच हातून सुरू होणार. त्यात पाठीमागून कोण धावत येतंय हे न बघता समोर बघत उभं राहायचं. बाउन्सर निदान समोरून येतो.

माझं मत बनलं ते २६ सप्टेंबर २०२१च्या रविवारी. आमच्या बेअर्सनी, म्हणजे शिकागोच्या संघाने, त्या वर्षी क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सला ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) अकराव्या क्रमांकावर घेतलं होतं. कोच मॅट नॅगी उन्हाळाभर सांगत होते की खेळणार अनुभवी अँडी डाल्टन, पोरगा शिकणार. दुसऱ्याच सामन्यात डाल्टनचा गुडघा दुखावला आणि तिसऱ्या सामन्यात, क्लीव्हलंडला, पोराला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं. पितृपक्ष चालू होता. नव्या कामाला हात घालू नये असं सासूबाई फोनवर म्हणाल्याही होत्या, पण नॅगींना कोण सांगणार!

माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. अंगात फील्ड्सची एक नंबरची कोरी जर्सी. त्या दिवशी फील्ड्स नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकायच्या आत नऊ वेळा त्याला पकडून आडवा केला. त्यातले साडेचार सॅक एकट्या माइल्स गॅरेटचे. (अर्धा कसा, म्हणाल. दोघांनी मिळून पाडलं की अर्धा अर्धा वाटून देतात.) वीस पास फेकले, सहा पोचले, मिळाले ६८ यार्ड. सॅकमध्ये मागे ढकलले गेले ६७. पासिंगचा निव्वळ हिशेब काय, तर साठ मिनिटांच्या खेळात एक यार्ड. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा त्याहून लांब आहे.

दुसऱ्या हाफमध्ये कधीतरी मी फील्ड्सकडे बघायचं सोडून त्याच्या पुढच्या पाच जणांकडे बघायला लागले. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात ती. चेंडू हातात आल्यापासून तो सुटेपर्यंतचे दोन-तीन सेकंद क्वार्टरबॅकला मिळवून देणं हे या पाच धिप्पाड माणसांचं काम. त्यांच्यात डाव्या टोकाला असतो लेफ्ट टॅकल. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्याच्याकडे असते, म्हणजे न दिसणारी बाजू तोच राखतो. बेअर्सचा लेफ्ट टॅकल होता जेसन पीटर्स. मोठा खेळाडू, पण वय ३९, आणि त्याला आणला होता ऑगस्टमध्ये, सीझन तोंडावर आल्यावर. पोरगा तयार आहे का, यावर सगळ्या शिकागोने उन्हाळाभर घसा कोरडा केला होता. ही भिंत तयार आहे का, हे फारसं कुणी विचारलंच नव्हतं.

'बसवावं' म्हणणारी मंडळी लगेच ग्रीन बेकडे बोट दाखवतात. गाव आमच्यापासून गाडीने साडेतीन-चार तासांवर, आणि आमचं त्यांच्याशी हाडवैर, तरी त्यांचं नाव घ्यावंच लागतं. ॲरन रॉजर्सला त्यांनी २००५ साली चोविसाव्या क्रमांकावर घेतलं आणि ब्रेट फार्वच्या मागे तीन वर्षं बसवलं. २००८मध्ये तो खेळायला लागला. त्या वर्षी सहा सामने जिंकले, दहा हरले, हे मात्र कुणी सांगत नाही. फेब्रुवारी २०११मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. मग २०२०मध्ये जॉर्डन लव्ह, सव्विसावा. पहिल्या वर्षी तर सामन्याच्या दिवशी खेळायच्या यादीतही त्याचं नाव नसायचं. तोही तीन वर्षं बसला, २०२३मध्ये उतरला आणि जानेवारीत डॅलसला जाऊन ४८-३२ जिंकून आला. तिकडे कॅन्सस सिटीचा पॅट्रिक माहोम्स २०१७चं अख्खं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे, फक्त शेवटचा सामना खेळला, आणि पुढच्या वर्षी ५० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे. लोणचं मुरलं की चव येते, असं काका म्हणतात.

खरं आहे. पण बरणी कुणाची? ड्राफ्टमध्ये जो संघ सगळ्यात जास्त हरला तो पहिला निवडतो. म्हणजे चोविसावा आणि सव्विसावा पोरगा जातो तो आधीच बऱ्यापैकी चाललेल्या घरात. माहोम्स दहावा खरा, पण कॅन्सस सिटीने आदल्या सीझनमध्ये बारा सामने जिंकले होते. त्यांचा नंबर सत्ताविसावा होता, सौदा करून ते दहाव्यावर आले. त्यांच्याकडे क्वार्टरबॅक होता, लाइन होती, अँडी रीडसारखा कोच होता. त्यांना पोराला बसवणं परवडत होतं. या तिघांना बसवलं म्हणून ते मोठे झाले, की चांगल्या घरात पडले म्हणून बसायलाही मिळालं आणि मोठंही होता आलं? मला दुसरं जास्त पटतं.

शिवाय बसणं म्हणजे काय, हेही बघा. आठवडाभराच्या सरावात बहुतेक चाली खेळणाऱ्याच्या वाट्याला येतात. मागे बसलेला बऱ्याचदा येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेतो, त्यांच्या चाली करून दाखवतो, म्हणजे आपल्या बचावाला सराव होईल. शिकतो तो बैठकांमध्ये, व्हिडिओ बघून. घरी पोहण्याचं पुस्तक वाचण्यासारखं. वाचावं जरूर.

आता उलट बाजू. पेटन मॅनिंग १९९८मध्ये पहिल्या सामन्यापासून सोळाच्या सोळा सामने खेळला. संघ तीन जिंकला, तेरा हरला, आणि त्याने २८ इंटरसेप्शन दिले, म्हणजे इतके पास समोरच्यांनी पकडले. रूकीचा, पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा, विक्रम. पुढच्या वर्षी तोच संघ १३-३. डेव्हिड कार २००२चा पहिला क्रमांक, ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या संघात. तोही पहिल्या दिवसापासून खेळला आणि एका सीझनमध्ये ७६ वेळा सॅक झाला. ज्या उंचीची त्याच्याकडून अपेक्षा होती, तिथे तो कधी पोचला नाही. दोघेही पहिल्याच क्रमांकाचे, दोघांनाही लगेच उतरवलं. फरक माझ्या मते एका आकड्यात आहे. मॅनिंग त्या वर्षी सॅक झाला फक्त २२ वेळा.

इंटरसेप्शन ही स्वतःची चूक असते, सोमवारी व्हिडिओ लावून बघता येते. सॅक खाऊन खाऊन मात्र पोरगा समोर बघायचंच सोडतो, त्याची नजर खाली पायांकडे जाते, आणि ती खोड मग चांगल्या लाइनमागे उभा केला तरी जात नाही. (सगळे सॅक लाइनचेच नसतात, हे कबूल. मॅनिंग चेंडू झटकन सोडायचा, आमचा फील्ड्स धरून ठेवायचा. या मुद्द्यावर माझा मुलगा आणि मी अजून भांडतो.)

पैशाचंही आहे. २०१०मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला आलेला क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड, त्याला पाच कोटी डॉलरची हमी मिळाली होती. पुढच्या वर्षी नवख्यांच्या पगारांबद्दल लीग आणि खेळाडूंमध्ये नवा करार झाला आणि पहिला आलेला कॅम न्यूटन चार वर्षांच्या सुमारे सव्वादोन कोटींत पडला. क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवर वापरून घ्या, असं मालकाला वाटणारच.

पण शिकागोत मी तीनदा पाहिलंय ते वेगळंच. २०१७मध्ये मिच ट्रुबिस्की आला, दुसऱ्या क्रमांकावर. (माहोम्स तेव्हा मोकळा होता. सोडा.) चार सामने बसवून त्याला उतरवलं, आणि सीझन संपताच कोच जॉन फॉक्सना काढलं. २०२१मध्ये फील्ड्स, सीझन संपताच नॅगी गेले. २०२४मध्ये केलेब विल्यम्स, पहिला क्रमांक, पहिल्या दिवसापासून मैदानात, ६८ सॅक. नोव्हेंबरात चाली ठरवणारे शेन वॉल्ड्रन गेले आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी हेड कोच मॅट एबरफ्लूस. तिघांनाही पहिलं वर्ष सरता सरता गुरुजी बदलून मिळाले, म्हणजे नवी वही, नवी भाषा, परत श्रीगणेशा. आणि ज्याची खुर्ची हलतेय, तोच ठरवत होता की पोराला कधी उतरवायचं. त्याला पोराची पाच वर्षं कशी दिसणार? त्याला पुढचा रविवार दिसतो.

म्हणून काका, माझं उत्तर असं. लाइन धड असेल आणि कोच पुढच्या वर्षीही तोच राहणार असेल, तर उतरवा, हरू द्या, चुकू द्या. ह्यूस्टनने २०२३मध्ये सी. जे. स्ट्राउडला असंच उतरवलं. आदल्या वर्षी तीन सामने जिंकलेला संघ, पण कोच डेमेको रायन्स नवे, नुकतेच नेमलेले, त्यांना घाई नव्हती. पोराने २३ टचडाउन पास आणि पाचच इंटरसेप्शन दिले. दोन्हीपैकी एक जरी नसेल तर बसवा, आणि त्या वर्षात पोराला नाही, भिंतीला तयार करा. २०२५मध्ये बेअर्सना अखेर हे सुचलं. बेन जॉन्सन कोच आले, आणि लाइनच्या मधल्या तिन्ही जागांवर नवी माणसं आणली, थ्यूनी, जॅक्सन आणि डॉलमन. केलेब तोच, आणि संघ गटात पहिला आला.

आमच्या कपाटात तीन जर्सी आहेत. ट्रुबिस्कीच्या दहा नंबरने आता गाडी पुसतो. फील्ड्सला २०२४मध्ये पिट्सबर्गला दिला, बदल्यात सहाव्या फेरीतली एक निवड मिळणार होती. त्याची एक नंबर मुलगा झोपताना घालतो, आखूड झाली तरी. केलेबची अठरा नंबर हँगरवर असते. ती मशीनमध्ये टाकायची नाही, हाताने धुवायची, असा मला हुकूम आहे.

एका गणपतीत असंच सगळं सांगून झाल्यावर मी त्या काकांना विचारलं, "बरं, तुमच्या संघाचा लेफ्ट टॅकल कोण?" त्यांनी खिशातून फोन काढला. मी म्हटलं, "फोन नाही, तोंडी." काका उठले आणि म्हणाले, "मोदक उरलेत का बघतो."