फॉर्मवर घोडीसाठी रकानाच नाही

माझी घोडी मैना, तिला दत्तजयंतीच्या जत्रेत सारंगखेड्याहून आणली. टेम्पो, डॉक्टर, नालबंद, सगळं सुरळीत झालं. खोगिराने मात्र पाच महिने खाल्ले, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

कानपूरच्या एका कारखान्याकडे ऑर्डर दिली. फॉर्म दोन पानी. बैठक किती इंची, चामड्याचा रंग, दोऱ्याचा रंग, बकल पितळी की स्टीलचं. घोडीच्या पाठीसाठी एकही रकाना नाही! फोन केला तर उत्तर, "मॅडम, फुल साइज सबको बैठता है."

आलं ते खोगीर. मैना तेव्हा हडकुळीच होती. नुसतं ठेवलं तेव्हा मानेमागच्या उंचवट्यावर तीन बोटं सहज जात होती. मी बसले आणि एकही जाईना. म्हणून बघायचं ते स्वार बसवून, आणि नमदा (खोगिराखालची जाड घडी) न घालता.

परत पाठवलं. या वेळी माप मीच घेतलं. खांद्याच्या हाडामागे दोन बोटं सोडून जाड वायर पाठीवर दाबली, तोच आकार पुठ्ठ्यावर आखला आणि कापला. (उचलताना वायर फाकते, दोनदा घ्या.) पुठ्ठा कुरिअरने रवाना.

मग "अगले हफ्ते". दर सोमवारी फोन, दर सोमवारी अगला हफ्ता. असे अकरा हफ्ते गेले. इकडे मैना हरभरा आणि घास खात होती, रोज चढावर चालत होती, पाठ मस्त भरत होती. अखेर खोगीर आलं. माझ्याकडे ठेवलेल्या तशाच दुसऱ्या पुठ्ठ्याला लावून पाहिलं, तंतोतंत. मैनाला मात्र अरुंद.

घोडीची देखभाल करणारे मोतद्दार मामा म्हणाले, "ताई, खाली अजून एक नमदा टाका." टाकला. बूट चावतोय म्हणून आत जाड मोजा घालावा, तसला शहाणपणा. वीस मिनिटांनी खोगीर उतरवलं तर सगळी पाठ घामाने ओली, फक्त खांद्यामागे दोन्हीकडे तळहाताएवढी जागा कोरडी. सगळ्यात जास्त दाब तिथेच. बोटाने चेपलं तर मैनाने कान मागे टाकले आणि पाठ खाली घेतली. हे चालू राहिलं तर तिथे पांढरे केस येतात. खोगिराच्या खालच्या गादीत लोकर कमीजास्त करता येते, पण आतला सांगाडाच अरुंद असेल तर लोकर काय करणार?

शेवटी जुनं, सिंथेटिक खोगीर घेतलं. त्याच्या पुढच्या भागातली, रुंदी ठरवणारी लोखंडी पट्टी स्क्रूड्रायव्हरने बदलता येते. दहा मिनिटांचं काम.

माझीही एक चूक झाली होती. बैठक मी कंबर बघून १७ इंची सांगितली होती. बघायची असते मांडीची लांबी. माझा गुडघा पुढे बाहेर यायचा आणि मी मागच्या कडेवर, म्हणजे सगळं वजन मैनाच्या कंबरेकडे. आता साडेसतरा आहे, मागे चार बोटं जागा उरते. खोगीर मात्र शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. बरगडी बोटाने चाचपून बघा, नुसती नजर फसते.

पावसाळ्यात मैना दोन महिने उभीच होती, पाठ पुन्हा उतरली. परवा पट्टी बदलली. त्या कारखान्याकडे माझा पुठ्ठा परत मागितला होता. तो सापडत नाही म्हणे. अगले हफ्ते बघतील.