‘फ्यूजन’ नको, वादकाचं नाव सांगा

गोव्यात राहणाऱ्याला ‘वर्ल्ड म्युझिक’ शोधावं लागत नाही, ते अंगावर येतं. हंगामात कुठल्याही शॅकमध्ये बसा: सतारीचा एक तुकडा, खाली धप्‌ धप्‌ बीट, वर कुणीतरी ओंकार लावलाय. मोरजीपासून पाळोळेपर्यंत तोच तुकडा. मी फोंड्याकडचा. चतुर्थीत घुमट (मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं आमचं वाद्य) वाजवतो, एरवी देवळात भजनाला तबला धरतो. त्यामुळे दोन परंपरा एकत्र येणं ही आमच्याकडे नवलाई नाही. मराठी आरतीला घुमट, शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे म्हणजे मोठे टाळ. आणि तेच घुमट सासष्टीत व्हायोलिनच्या शेजारी बसून मांडो-दुलपद या ख्रिस्ती समाजातल्या कोंकणी गाण्यांना साथ करतं. (घोरपडीच्या कातड्याला कायद्याने बंदी आल्यापासून बकऱ्याचं कातडं लावतात. जुने वादक याबद्दल कुरकुरतात, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे.) २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य हा दर्जा मिळाला, तेव्हापासून डोक्यात घोळत होतं की असं एकमेकांत मुरलेलं संगीत जगात आणखी कुठे असेल? आणि ते वाजवणारी माणसं कोण?

शोधायला बसलो तर यूट्यूबने पुन्हा शॅकच समोर आणून ठेवला. ‘फ्यूजन’ टाका, ‘वर्ल्ड’ टाका, जे वर येतं ते झोप यावी म्हणूनच बनवलेलं. पुढे कळलं की ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नावच दुकानदारांच्या सोयीसाठी रुळवलेलं. १९८७ साली लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. आफ्रिकेतल्या, आशियातल्या रेकॉर्डी दुकानात कुठल्या खणात ठेवायच्या हे विक्रेत्यांना समजेना, म्हणून सर्वांनी मिळून ही एकच पाटी लावायचं ठरवलं. जी पाटी खणावर लावायला निघाली, तिच्यावरून गवई कसा सापडणार?

वाट दाखवली भाच्याने. तो कला अकादमीत व्हायोलिन शिकतो. म्हणाला, प्रकाराचं नाव टाकूच नको. तुला आवडणारा एक वादक घे, तो कुणाकुणाबरोबर बसलाय ते बघ, मग त्या माणसाच्या मागे लाग. रेकॉर्डच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाच. रेकॉर्ड हाताशी नसेल तर डिस्कॉग्स या रेकॉर्डींची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर तीच यादी मिळते. एवढंच. पण याने सगळा शोधच बदलून गेला.

सुरुवात ओळखीच्या नावापासून केली: विश्वमोहन भट्ट आणि त्यांची मोहनवीणा, म्हणजे आपल्या रागांसाठी बदलून घेतलेली गिटार. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरचा त्यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम १९९३ साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातल्या एका चॅपलमध्ये झालं, तालीम न करता. दोघे एकमेकांना भेटले तेच मुळी मुद्रणाच्या थोडंसं आधी. हे ऐकून आधी मला शंकाच आली. बिनतालमीचं ‘जुगलबंदी’ नावाचं बरंच काही मी सोसलेलं आहे. पण इथे दोघांची वाद्यं एकाच घराण्यातली निघाली. दोन्हीकडे तारेवरून काहीतरी सरकवत सूर ओढायचा. आपण ज्याला मींड म्हणतो ती कूडरच्याही हातात, फक्त ब्लूजमधून आलेली. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, आणि कूडरचा चौदा वर्षांचा मुलगा दुंबेक या हाताने वाजवायच्या ढोलकावर. मी पहिल्यांदा ऐकताना तबल्याकडेच कान लावून होतो, गिटार दुसऱ्या वेळेस ऐकली.

मग कूडरचं बोट धरलं. पुढच्याच वर्षी, १९९४ साली, तो मालीच्या अली फार्का तुरेबरोबर दिसतो. नायजर नदीकाठच्या न्याफुंके गावचा हा माणूस. त्याची गिटार लागली आणि मी पेटी ओढून सूर तपासले: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपला धानी राग. चाल मात्र धानीची नाही, तो एकेक सूर वाळूत पाय रोवून उभा केल्यासारखा लावतो. अमेरिकन ब्लूजशी त्याची तुलना लोक सारखी करत, आणि तो सांगायचा की ते मूळ आमच्याकडचं, तिकडे गेलेलं. भजनाच्या मधल्या चहाला मी हे मोबाइलवर लावलं. पखवाजवाले काका दोन मिनिटं गप्प बसून म्हणाले, ‘परत लाव.’ त्यांच्याकडून ही फार मोठी दाद.

कूडर तिसऱ्यांदा भेटला क्यूबात, आणि ही हकिगत मला सगळ्यांत आवडते. १९९६ साली बेत होता मालीच्या वादकांना हवानात आणून क्यूबन वादकांबरोबर बसवायचा. मालीची मंडळी पोचलीच नाहीत. स्टुडिओ तर घेतलेला, म्हणून तिथल्याच जुन्या कलावंतांना गोळा केलं, आणि त्यातून १९९७ साली ‘ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब’ निघाला. तो मूळचा बेत पुरा व्हायला २०१० उजाडलं, ‘आफ्रोक्यूबिझम’ या नावाने. त्याच्या यादीत तुमानी जाबाते हे नाव वाचलं आणि पुढचा धागा मिळाला.

तुमानी कोरा वाजवायचा. अर्ध्या मोठ्या भोपळ्यावर गाईचं कातडं, एकवीस तारा, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या. खर्ज, साथ आणि मुख्य चाल असं तिन्ही एकटाच माणूस वाजवतो. १९८८ साली तो स्पेनच्या ‘केतामा’ या फ्लामेंको मंडळींबरोबर ‘सोंगाय’ नावाच्या अल्बममध्ये बसला. तिथे माझी गाडी महिनाभर अडली, कारण फ्लामेंकोत मला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडेना. भाचा हसायचा: ‘मामा, तूं सगळेकडेन सम सोदता.’ सोदणारच! तबलजीने दुसरं काय करायचं?

फ्लामेंकोच्या सोलेआ या प्रकाराला बारा मात्रा. आपला एकताल बारा, चौताल बारा, म्हणून वाटलं सोपं असेल. हातावर मोजून बघा: जोर द्यायचा ३, ६, ८, १० आणि १२ वर. म्हणजे आधी तीन-तीनचे दोन गट, मग दोन-दोनचे तीन. आणि वाक्य मिटतं दहाव्या मात्रेवर. आपण तिहाई घेऊन एकावर उतरतो, ते दहावर उतरून पुढच्या दोन मात्रा मोकळ्या हवेत सोडतात. बुलेरिया या दुसऱ्या प्रकारात तर मोजणी बारापासून सुरू. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर टाळ्या देत बसलो की बायको उठून बाहेरच्या खोलीत जायची. एकदा हे हातात बसल्यावर अनुष्का शंकरचा २०११ चा ‘ट्रॅव्हलर’ वेगळाच ऐकू आला. त्यात स्पॅनिश संगीतकार हाविएर लिमोन आहे, आणि कोण कुणाच्या मात्रेत उतरलंय ते आता कान पकडतो.

तेव्हापासून मी हेच बघतो: कुणी काय सोडलं. दोघेही आपापल्या जागी घट्ट बसलेत आणि मध्ये ड्रम मशीन टाकलंय, तर मी पुढे जातो. इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनने भारतीय वादकांबरोबरच्या ‘शक्ती’ या संचासाठी गिटारच बदलून घेतली. जास्तीच्या तारा बसवल्या, पडद्यांमधली लाकडी पट्टी खोलगट करवली, म्हणजे तार दाबून मींड काढता यावी. याला म्हणतात यायची तयारी. त्याच संचात विक्कू विनायकरामचा घटम. मातीचं भांडं वाजवणारा मी, म्हणून १९७५ च्या त्या मैफलीच्या मुद्रणात मला झाकीर हुसेनइतकाच घटम ऐकायचा असतो. कव्वाल नुसरत फतेह अली खानचं गिटारवादक मायकेल ब्रुकबरोबरचं काम पुष्कळांना आवडतं. मला त्यांची नुसती कव्वाल पार्टी, टाळ्या आणि दोन पेट्या पुरतात. भाच्याशी यावरून वाद अजून चालू आहे.

नावांच्या मागे फिरताना धागा दोनदा गोव्यातच येऊन पोचला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले व्हायोलिनवादक. त्यांनी १९५८ मध्ये रागांवर रचना करून पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा केला. दुसरे अमानसियो डिसिल्वा, गोवेकर घरातले, जन्म मुंबईचा. लंडनला जाऊन १९६९ साली जमैकाच्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर ‘हम दोनो’ हा अल्बम केला. इकडे आम्ही गोव्याचं संगीत म्हणून पर्यटकांना काय ऐकवतो ते जाऊ द्या.

सध्या पोर्तुगीज जहाजांच्या वाटेवर आहे. फादो या पोर्तुगीज गाण्यांवरून केप व्हर्दे बेटांच्या गायिका सेझारिया एव्होराच्या मोर्ना गाण्यांकडे, तिथून अंगोलाच्या बोंगा या गायकाकडे. रेडिओ गार्डन या ॲपवर पृथ्वीचा गोल फिरवून केप व्हर्देतल्या मिंदेलोचं स्टेशन लावता येतं, रात्री तेच लावून ठेवतो. वाड्यावरच्या एका ख्रिस्ती आजोबांनी तरुणपणी लोरेन्सो मार्किशला, म्हणजे आजच्या मापुतोला, नोकरी केलेली. त्यांना विचारलं, मोझांबिकचं काय ऐकू? त्यांनी मार्राबेंटा या तिथल्या नाचाच्या संगीताचं नाव घेतलं, फानी म्पफुमो या गायकाचं घेतलं, आणि वर म्हणाले, ‘पुता, तें आमचें शनवारचें नाचप.’ वर्ल्ड म्युझिक वगैरे त्यांच्या गावी नव्हतं. म्पफुमोची काही गाणी मिळाली आहेत. मागची दुसरी गिटार कुणाची ते अजून यादीत सापडलेलं नाही, येत्या रविवारी आजोबांनाच ऐकवणार आहे.