इस्तंबूलच्या बाजारात भेटलेली कल्हई

परदेशातून येताना कुणाला काय आणायचं हा विचार मी दर वेळी शेवटच्या दिवसावर ढकलायचे आणि विमानतळावरच्या चॉकलेटांवर भागवायचे. या वेळी इस्तंबूलला सहा दिवस होतो. निघायच्या आधीच ठरवलं, नेलेली वस्तू घरात रोजच्या वापरात आली पाहिजे, शोकेसमध्ये बसायला नको. वहीत अकरा नावं लिहिली. प्रत्येक नावापुढे त्या माणसाचा एखादा रोजचा उद्योग लिहिला: आई, अंघोळीनंतर अंगणात पंचा वाळत घालते. काका, सकाळी सहाला स्वतःची कॉफी स्वतः करतात. जाऊबाई, जेवणात कोशिंबीर हवीच. बॅगेत जागा होती तीन किलोची.

पहिल्या दिवशी सुलतानअहमद भागात फिरताना तरीही फ्रिजवर लावायचे दोन लोहचुंबक घेतलेच. त्यांचा उपयोग पुढे सांगते.

कापालीचार्शी म्हणजे छताखालचा तो मोठा बाजार. १४५३ साली शहर जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमदने त्याची सुरुवात केली. आम्ही तिथे पोचलो रविवारी, आणि दारं बंद. रविवारी तो बाजार बंदच असतो, हे मी आधी पाहायला हवं होतं. मग उतारावरून चालत एमिनोन्यूला मसाल्यांच्या बाजारात गेलो. तो १६६४ साली पूर्ण झाला. इजिप्तहून येणाऱ्या महसुलातून उभा राहिला म्हणून तुर्की लोक त्याला अजून ‘इजिप्तचा बाजार’च म्हणतात.

तिथे माझी एक चूक झाली. एका दुकानात ‘तुर्की केशर’ म्हणून भगव्या काड्यांचा ढीग होता, तोही आश्चर्य वाटावं इतका स्वस्त. पाकीट घेतलं. रात्री हॉटेलवर चिमूटभर तळहातावर घेऊन दिव्याखाली पाहिलं आणि ओळख पटली. माझं आजोळ लातूरकडचं, लहानपणी सुट्टीत करडईच्या शेतात काट्यांनी पाय ओरबाडून घेतलेत. त्या वाळलेल्या करडईच्या पाकळ्या होत्या! करडईची फुलं तिथे ‘आस्पिर’ या नावाने भाताला रंग यावा म्हणून राजरोस विकतात, त्यात गैर काही नाही. केशर सांगून विकली की मात्र ती फसवणूक. खऱ्या केशराची काडी गडद लाल असते, एका टोकाला तुतारीसारखी पसरट. पाण्यात टाकली की हळूहळू पिवळा रंग सुटतो आणि काडी बराच वेळ लालच राहते. शिवाय केशर ढिगाने कधी मांडलेलं नसतं, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुरे.

त्याच बाजारात जाऊबाईंसाठी सुमाक मिळालं. रानफळांची ही लालसर भुकटी आमसुलासारखी आंबट लागते. तिथे ती चिरलेल्या कांद्यावर भुरभुरतात, म्हणजे आपल्या कोशिंबिरीत सहज चालेल. मीठ घालूनही विकतात, म्हणून आधी जिभेवर ठेवून पाहिलं. शेजारी ट्यूलिपचे कंद मांडले होते, हात फार शिवशिवले. पण कंद आणि बिया भारतात आणायला वनस्पती-आरोग्याचा दाखला आणि परवानगी लागते, म्हणून तिथेच ठेवले. शेजारपाजारी वाटायला लोकुम ही तिथली मिठाई घेतली, १७७७ पासून चालत आलेल्या हाजी बेकिरच्या दुकानातून. पारंपरिक लोकुम साखर आणि स्टार्चचं असतं, जिलेटिन नसतं, त्यामुळे आमच्या शाकाहारी शेजाऱ्यांनाही चालतं. तरी घटक विचारून घेतले.

आईची वस्तू सर्वांत सोपी निघाली. हमामात वापरतात तो पेश्तेमाल, पातळ सुती कापड, कडांना पीळ दिलेले गोंडे. घडी केली की जेमतेम पोथीएवढा होतो आणि तासाभरात वाळतो. हातात घेतल्याबरोबर मनात आलं, हा तर पंचाच.

काकांसाठी मात्र सोमवारचा अख्खा दिवस गेला. तुर्की कॉफीसाठी लांब दांड्याचं तांब्याचं भांडं लागतं, त्याला जेझवे म्हणतात. मोठ्या बाजारात पर्यटकांच्या वाटेवर ती शेकड्याने टांगलेली होती, चकचकीत, नक्षीदार. एक उचललं तर कागदासारखं हलकं. पर्समधला लोहचुंबक काढून लावला, टचकन चिकटला. तांबं आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. वर फक्त तांब्याचा मुलामा होता. मग तोच चुंबक हातात धरून मी दुकानामागून दुकान पालथं घातलं. नवऱ्याला कंटाळा आला, तो चहा प्यायला बसला.

बाजाराबाहेर बेयाझितच्या बाजूला तांबटांचा रस्ता आहे, बाकर्जिलार जाद्देसी. माझं माहेर पुण्यात कसब्यात, तांबट आळीजवळ. मठारकामाची, म्हणजे भांडी हातोडीने ठोकण्याची, टकटक ऐकत मी अभ्यास केलाय. त्या रस्त्यावर एका छोट्या दुकानातून तोच आवाज आला आणि पाय आपोआप वळले. आत एक आजोबा होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला तुर्की. त्यांनी जेझवे माझ्या तळहातावर ठेवलं: दोन कपांचं, हाताला वजन जाणवणारं, अंगभर हातोडीचे बारीक ठसे, पितळी दांडा रिवेट मारून बसवलेला. चुंबक चिकटला नाही. त्यांनी ते उलटं-सुलटं केलं, आतल्या रुपेरी भागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘कलाय’.

मी म्हटलं, ‘कल्हई!’

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग आतून एक जुनं भांडं आणलं. त्याच्या तळाशी रुपेरी थर झिजून खालचं लालसर तांबं दिसत होतं. तिथे बोट ठेवून त्यांनी मान हलवली: असं झालं की वापरायचं नाही. फडताळावरचा डबा उघडून पांढरी भुकटी दाखवली आणि म्हणाले, ‘निशादर’. नवसागर! आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा तेव्हा भात्याने निखारे फुलवायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर नाकात जायचा, आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की एका झटक्यात भांडं उजळायचं. मी हाताने तो बोळा फिरवून दाखवला. आजोबा हसले आणि त्यांनी चहा मागवला. भाव मी केलाच नाही. त्यांनी सांगितली तीच किंमत दिली आणि ती मला योग्य वाटली.

मंगळवारी सकाळी कॉफी घेतली. मसाल्यांच्या बाजाराच्या कोपऱ्यावर १८७१ पासून मेहमेत एफेंदीचं दुकान आहे. बाहेर रांग, हवेत भाजक्या बियांचा वास. पूड मैद्याइतकी बारीक असते, गाळायची नसते, तळाशी बसते.

काकांनी भांडं हातात घेतल्यावर आधी आतच पाहिलं. ‘कल्हई चांगली केलीय गं.’ मी त्यांना बजावलं, रिकामं आचेवर ठेवू नका, कथील २३२ अंशांना वितळतं. आता ते गार पाण्यात साखर आणि कॉफी ढवळून अगदी मंद आचेवर ठेवतात. फेस वर चढायला लागला की चमच्याने आधी तो दोन कपांत वाटून घेतात आणि मग कॉफी ओततात. आणलेली पूड महिन्याभरात संपली. गिरणीवाल्याला सांगून त्यांनी आपलीच कॉफी तितकी बारीक दळून घेतलीय, आणि गेल्या रविवारी दुसरा कप माझ्यासाठी होता.